उसने अवसान

मराठीत ‘उसने अवसान आणणे’ हा वाक्प्रचार कौतुकाने वापरला जात नाही. अंगी मूळचे बळ नसलेल्या माणसाने चारचौघांत आणलेला जो आव, त्याला आपण उसने अवसान म्हणतो आणि तसे म्हणताना आपल्या स्वरात थोडी कीव असते, थोडी थट्टा असते. गोव्यातल्या एका मराठी शाळेत २९ वर्षे शिकवताना मीही हा वाक्प्रचार दरवर्षी फळ्यावर लिहिला, ‘खोटा धीर दाखवणे’ असा त्याचा अर्थ मुलांना उतरवून घ्यायला लावला आणि वाक्यात उपयोग चुकवणाऱ्यांचे गुणही कापले. माझे यजमान गेल्यानंतर काही काळाने जुन्या टाचणवह्या रद्दीत घालताना तो अर्थ माझ्याच अक्षरात पुन्हा समोर आला. ज्या वर्षांत मी सर्वांत धीराने वागले असे लोक सांगतात, त्या वर्षांत माझ्यापाशी स्वतःचे म्हणावे असे बळ नव्हतेच. होते ते सगळे कुणाकडून तरी आणलेले होते. पण ते खोटे होते असे मला आजही म्हणवत नाही.

आम्ही दोघेही मूळचे नगरचे. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आमच्या तोंडात मात्र जुनेच नाव बसले आहे. अमेरिकन मिशनचे काम तिथे १८३१ पासूनचे, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा तिथला वावर आमच्या आजोबांच्या पिढीला प्रत्यक्ष आठवत होता. आमची रविवारची उपासना म्हणजे पेटी, तबला, टाळ, टिळकांची पदे आणि त्यानंतर पाळकांचा हमखास लांबणारा उपदेश. १९८८ साली यांची बँकेतून मडगावला बदली झाली, तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि सासष्टीतल्या एका गावात कायमचे राहिलो. आम्ही कोण, हे गावाला प्रथम उमगेना. आडनाव मराठी, घरात मराठी, बाई नऊवारीत नसली तरी पाचवारीत, कपाळाला कुंकू नाही आणि भिंतीवर क्रूस. घरमालकांनी महिनाभर वाट पाहून एकदा विचारलेच, “तुमी किरिस्तांव, आनी मिसाक येनात?” मिस्सा ही उपासना कॅथलिकांची, आम्ही प्रोटेस्टंट, हा फरक यांनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि जाताना म्हणाले, “देव तोच मरे?”

२०१४ च्या जूनमध्ये यांच्या पायांवर सूज दिसू लागली. आम्ही ती पावसाळी हवेवर ढकलली. ऑगस्टपर्यंत दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे निदान झाले आणि डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार; दर वेळी चार तास यंत्राला जोडलेले आणि उरलेल्या दिवशी त्या चार तासांचा थकवा. मळमळ आणि खाज यांच्याइतकाच मला तहानेचा धसका बसला होता. दिवसाला जेमतेम लिटरभर द्रव, आणि त्यात चहा, आमटी, सोलकढी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळे मोजायचे. मी मापाची बाटली भरून ओट्यावर ठेवायची आणि हे तिच्याकडे पाहण्याचे टाळायचे.

शहाळ्याचे पाणी तर वर्ज्यच होते. त्यात पोटॅशियम भरपूर असते, निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. पण गोव्यात कुणी आजारी पडले की पहिल्यांदा दारात येते ते शहाळे! आमच्याकडे भेटीला येणारा प्रत्येकजण एका हातात दोन शहाळी लोंबकळत घेऊन यायचा. त्यांना नको म्हणणे म्हणजे त्यांच्या मायेलाच नको म्हणणे होते, म्हणून आम्ही ती घ्यायचो, पडवीच्या कोपऱ्यात रचायचो आणि संध्याकाळी शेजारची मुले ती पिऊन टाकायची. घराभोवती सात माड, पडवीत शहाळ्यांचा ढीग आणि आत कोरड्या ओठांनी झोपलेला माणूस, असे ते वर्ष होते.

डायलिसिससाठी मनगटाजवळची धमनी आणि नीला शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. रक्ताच्या जोराने ती नीला हळूहळू रुंद आणि जाड होते, म्हणजे तिच्यात पुन्हा पुन्हा सुया घालता येतात. त्या जागी बोट ठेवले की कातडीखाली सतत एक गुणगुण जाणवते, बंद डबीत भुंगा ठेवल्यासारखी. ती थांबली तर रक्त गोठले असे समजून लगेच रुग्णालय गाठायचे, हे आम्हांला बजावून सांगितले होते. त्यामुळे रात्री दोन-तीन वेळा उठून मी यांच्या मनगटावर बोट ठेवायची. गुणगुण लागली की परत आडवी व्हायची.

याच काळात माझी प्रार्थना बंद पडली. श्रद्धा गेली असे मी म्हणणार नाही, कारण देव नाही असे मला एकदाही वाटले नाही. त्याच्याशी बोलायला शब्द राहिले नाहीत, इतकेच. आमच्या परंपरेत प्रार्थना पाठ म्हणायची नसते. प्रभूची प्रार्थना सोडली तर बाकी सगळे ज्याने त्याने स्वतःच्या शब्दांत, मनापासून, त्या त्या घडीला सुचेल तसे बोलायचे असते. लहानपणापासून मला याचा अभिमान होता आणि मी बोलायचीही बरी. बाईमाणसांच्या प्रार्थनासभेत “तुम्ही प्रार्थनेत चालवा” असे मला हमखास सांगितले जाई. पण मनापासून बोलायचे तर मन जागेवर असावे लागते. पहिल्या चार-पाच महिन्यांत मी मागायचे ते सगळे मागून झाले होते, रागावूनही झाले होते, आणि पुढे ‘हे चालू राहू दे’ एवढेच वाक्य उरले. मग तेही गेले, आणि फक्त मनगटावरचे बोट राहिले.

अशात एका प्रार्थनामंडळाची चार-पाच माणसे आम्हांला भेटायला आली. माणसे चांगली होती, लांबून आली होती, यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी कळकळीने प्रार्थना केली. निघताना त्यांच्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितले, की घरात विश्वास पूर्ण असता तर यंत्राची गरज पडली नसती, तेव्हा कुठे उणे आहे ते तुम्हीच शोधा. मी ते यांना सांगणार नव्हते. पण यांनी ऐकले होते. हे म्हणाले, “मोहरीच्या दाण्याएवढा पुरतो असं प्रभूनं सांगितलंय. तेवढा आहे माझ्याकडे. आता मोहरीतही पोटॅशियम निघालं तर माझा इलाज नाही.” त्या वर्षात मी पोट धरून हसले असेन तर ते याच एका वेळी. तरीही ते वाक्य बरेच दिवस आत रुतून राहिले. आजारी माणसाच्या घरात जाऊन त्याच्या आजाराचे कारण त्याच्याच श्रद्धेत शोधण्याला मी आता सरळ क्रौर्य म्हणते, मग ते कितीही गोड आवाजात केलेले असो. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र या बाबतीत बदनाम आहेत. पण त्यांचीही पहिली वागणूक आपण विसरतो. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. बिघडले ते आठव्या दिवशी, बोलायला लागल्यावर.

शेजारच्या आंटी बोलायच्या कमी. त्यांचे यजमान तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. लग्नानंतरची वीसेक वर्षे त्यांनी वर्षातले नऊ-दहा महिने पत्राची, मग फोनची वाट पाहण्यात घालवली होती, आणि आता मुलगाही बोटीवर होता. नोव्हेंबरमधल्या एका रात्री यांना दम लागला, अंगात पाणी साठून फुप्फुसांपर्यंत गेले होते. ऐन रात्री रुग्णालयात नेऊन जादा डायलिसिस करून आम्ही दुसऱ्या दिवशी उशिरा घरी आलो. हे झोपले. मी झोपेन तर गुणगुण कोण तपासणार, या धास्तीने बाहेर बल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, दगडी बाकावर बसले. तिथून आंटींनी मला पाहिले असावे. हातात विजेरी घेऊन त्या आल्या, कसे आहेत वगैरे काही विचारले नाही, समोरच्या बाकावर बसल्या, एप्रनच्या खिशातून माळ काढली आणि म्हणाल्या, “टीचर, तूं न्हिद. हांव तेर्स करतां.”

तू झोप, मी जपमाळ करते. मी झोपले. आतल्या खाटेवरून मला तो आवाज ऐकू येत होता, ‘नमान मोरिये’ या मारियेच्या प्रार्थनेची एकसुरी, थोडी घोगरी पुटपुट, दर दहानंतर थोडे थांबणे आणि पुन्हा सुरुवात. तेर्स म्हणजे पाच दशके, पन्नास वेळा तीच प्रार्थना. त्या रात्री त्यांनी ती किती वेळा फिरवली मला माहीत नाही. मला जाग आली तेव्हा पाच वाजले होते, त्या बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या आणि माळ मांडीवर होती. त्यांना ती गुणगुण कशी तपासायची हे माहीतही नव्हते, आणि तरीही मी माझा पहारा त्यांच्यावर टाकून निर्धास्त झोपले होते!

माझ्या शिकवणुकीप्रमाणे हे सगळे आक्षेपार्ह होते. प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका, असे प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि जपमाळेविरुद्ध आमच्याकडे हेच वचन हमखास काढले जाते. मीही काढत असे. पण मग माझे मलाच विचारावेसे वाटले, की वारकऱ्यांच्या हरिपाठाला मी कधी बडबड म्हटले होते का? आजी जात्यावर त्याच चार ओव्या फिरवून फिरवून म्हणायची, तेव्हा तिला नवीन काही सुचत नाही असा निष्कर्ष मी काढला होता का? हाताने दांडा ओढायचा तर तोंडाला काहीतरी लागते, आणि ते दर फेरीला नव्याने रचायचे नसते. जिना चढताना कठडा धरतो, तो काय प्रत्येकाने आपापला घडवून आणलेला असतो? स्वतःच्या शब्दांची प्रार्थना मोठी खरीच. मी ती अजूनही तशीच करते. मात्र ती धडधाकट माणसाची प्रार्थना आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

आणि शब्द उसने घेण्यात कमीपणा असेल, तर तो खुद्द प्रभूकडेही जातो. क्रूसावरून त्याने मारलेली हाक, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. वेदनेच्या परमावधीत त्याला स्वतःचे नवे वाक्य सुचले नाही, किंवा त्याने ते शोधले नाही. लहानपणी पाठ केलेले, दुसऱ्या कुणाच्या दुःखातून आलेले वाक्य त्याच्या तोंडी आले. त्याच्या आदल्या रात्रीची गेथशेमाने बागेतली कथा मी शेकडो वेळा ऐकली होती आणि तिच्यावरचे उपदेश नेहमी ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या वाक्याकडे धावतात. त्याआधीचे वाक्य मला डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून नव्याने दिसले. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा, असे तो तिघा मित्रांना म्हणतो. देवपुत्र मासे धरणाऱ्या तीन माणसांकडे धीर मागतो, आणि ते झोपी जातात. तो पुन्हा येऊन पाहतो, ते पुन्हा झोपलेले. हा प्रसंग शुभवर्तमानकारांना झाकता आला असता. त्यांनी तो तसाच ठेवला.

आपल्या भाषेत धैर्य आणि धीर हे एकाच कुळातले शब्द, पण त्यांचे व्यवहार वेगळे आहेत. धैर्य माणूस दाखवतो, ते त्याचे स्वतःचे असते, त्यासाठी पदके मिळतात. धीर मात्र धरायचा असतो, तो सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे तो देता येतो. ‘तिला जरा धीर दे’ असे आपण सहज म्हणतो. ‘तिला जरा धैर्य दे’ असे देवाला म्हणू फार तर, शेजारणीला नाही. मराठी बायबलमध्ये शेवटच्या रात्रीच्या निरोपात, जगात तुम्हांला क्लेश होतील हे सांगितल्यावर लगेच येतात ते शब्द ‘धीर धरा’ असेच आहेत. ज्याने कुणी ते भाषांतर पहिल्यांदा केले, त्याच्या कानाचे मला कौतुक वाटते.

२०१५ च्या जानेवारीत, १४ तारखेला, बुधवारी, म्हणजे यांच्या मोकळ्या दिवशी, आम्ही आंटींच्या बैठकीत टीव्हीसमोर बसलो होतो. कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी जोझेफ व्हाज यांना संतपद जाहीर केले. व्हाज यांचा जन्म १६५१ चा, बाणावलीचा, आमच्या घरापासून काही मैलांवरचा, त्यामुळे शेजारीपाजारी आपल्याच घरातल्या मुलाचा निकाल लागल्यासारखे बसले होते. मला त्यांच्याविषयी जेमतेम नाव माहीत होते. नंतर वाचले. लंकेचा किनारा डचांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला आणि कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी केली. तिथले भाविक एकाही पाद्रीविना उरले होते. १६८७ मध्ये हा गोव्याचा पाद्री गरीब मजुराच्या वेशात, एका सोबत्यासह तिथे उतरला. गळ्यात माळ अडकवून तो दारोदार भीक मागत फिरायचा आणि माळ पाहून कुणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, ते पाहायचा. पुढे लंकेच्या आतल्या कँडी राज्यात त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैद झाली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आपली आजारी माणसे टाकून पळाले, तेव्हा व्हाज यांनी त्यांच्यासाठी खोपट्या उभारल्या, त्यांना धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. ते स्वतः १७११ मध्ये तिथेच वारले. गोव्याला परत आले नाहीत.

हे सगळे मोठेच आहे. माझ्या मनात मात्र त्यातला अगदी सुरुवातीचा एक प्रसंग राहिला आहे. जाफन्याला पोहोचताच व्हाज हगवणीने आडवे झाले, साथीच्या भीतीने त्यांना जवळ कुणी ठेवून घेईना, आणि मरायला टेकले असताना कुणा एका बाईने त्यांना पेज आणून घातली. त्या पेजेवर ते उठले. पुढची चोवीस वर्षे, ती देवीची साथ, ते संतपद, कोलंबोच्या मैदानावरची ती अफाट गर्दी, या सगळ्याच्या मुळाशी तांदळाची पातळ पेज आहे. यांना मी ते वाचून दाखवले, तेव्हा हे म्हणाले, “त्या बाईचं नाव दिलंय का कुठे?” नव्हते. “मग तिचा फेस्त, तिच्या नावाचा सण, कधी करायचा?”

इथे थोडे थांबून सांगायला हवे. श्रद्धेपायी धीराने वागलेल्या माणसांची गोष्ट गोव्यात सांगायची तर ती एकट्या ख्रिस्त्यांची होत नाही, आणि ख्रिस्त्यांना ती निर्मळ मनाने सांगताही येत नाही. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे न्यायालय, इथे १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्याच सुमारास कुशस्थळीहून मंगेशाला आणि केळशीहून शांतादुर्गेला ज्यांनी नदीपार फोंड्याकडे नेले, त्यांच्या होड्यांमधली ती रात्र आठवली की माझी मान खाली जाते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला जेझुइट या कॅथलिक संघाचे पाच धर्मसेवक मारले गेले, ते हुतात्मे म्हणून पूजले जातात. त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. आपल्या देवासाठी भ्यायचे नाही असे दोन्हीकडच्यांनी ठरवले होते. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुले असत, आणि हा धडा आला की मी फार जपून बोलत असे. सत्तेच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या श्रद्धेला धीर म्हणावा असे मला वाटत नाही. कँडीच्या साथीत व्हाज यांच्यामागे कुठलेही आरमार नव्हते. कदाचित म्हणूनच मला ते जवळचे वाटतात.

त्याच कुंकळ्ळीच्या वर्षात थॉमस स्टीफन्स सासष्टीत होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट पुढे मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचतो, ते १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापले जाते, आणखी दोनदा छापले जाते, आणि त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. ते टिकले ते माणसांनी हाताने उतरवून घेतल्यामुळे. १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, तेही अशाच हस्तलिखितांवरून. एकाच्या वहीतून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या वहीतून तिसऱ्याने. या पोथीचा जीवच उसनवारीवर राहिला. नगरच्या एका प्रोटेस्टंट बाईला सासष्टीत परके वाटू नये याला हे एक कारण पुरेसे होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आंटींनी संकोचत विचारले, की यंदा सायबीण तुमच्याकडे आणू का. गावातली मारियेची लहान मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी मिरवत नेतात, ती चोवीस तास त्या घरी राहते आणि रोज तिच्यासमोर तेर्स आणि लादायन, म्हणजे मारियेची गाऊन केलेली आळवणी, होते. आमचे घर इतकी वर्षे ओलांडून पुढे जायचे. त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते. मी गप्प राहिले. मूर्ती घरात घ्यायची नाही, हे माझ्या हाडामांसात भिनलेले आहे आणि ते मी आजही सोडलेले नाही. यांनी आतून सांगितले, “येऊ दे. आई आपल्या मुलाला भेटायला येतेय, तिला दारातून काय परत पाठवायचं?” यांना नेमके काय म्हणायचे होते, ते मी विचारले नाही.

सायबीण आली, तिच्यामागे मेणबत्त्या घेऊन चाळीसएक माणसे आली. खुर्च्या पुरेनात म्हणून समोरच्या हिंदू घरातून बाके आणली. वाड्यावरची मुले पडवीत, म्हातारी माणसे आत, आणि यांची खाट मधोमध. गाणे कोकणीत, सूर दोन-तीन पट्ट्यांत फुटलेला, कुणाचे तरी व्हायोलिन थोडे उतरलेले. मी गुडघे टेकले नाहीत. भिंतीला टेकून उभी राहिले. पण खोली इतकी भरली होती, की तिथे भीतीला उभे राहायला जागा नव्हती, असे मला त्या वेळी अगदी शब्दशः वाटले. शेवटी रिवाजाप्रमाणे उकडलेले चणे वाटले. यांनी चार दाणे मागून घेतले, मी ते मोजून दिले.

आंटींच्या घरून यायच्या वाटीचेही असेच. आमच्या आईने शिकवले होते, शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. त्या काळात माझ्याकडून कित्येक वाट्या रिकाम्या गेल्या. पेज, तवसोळीचा तुकडा, ख्रिसमसचा दोदोल, वाटी येत राहिली आणि मी ती धुऊन तशीच देत राहिले. एकदा मी त्याबद्दल दिलगिरी बोलून दाखवली, तर त्यांना मी काय म्हणते तेच कळेना.

मार्च २०१७ मध्ये एका गुरुवारी पहाटे मी मनगटावर बोट ठेवले आणि गुणगुण लागली नाही. फिस्टुला बंद पडला असेल, रुग्णालयात न्यायला हवे, असा विचार करत मी दिवा लावला. मग कळले. आधी आंटींना हाक मारली आणि नंतर मुलीला फोन केला, हा क्रम मला पुढे बरेच दिवस खटकला.

त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. पहाटे मी मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघडला, कारण दरवर्षी हे तो वाचत असत. तीन बायका सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघाल्या आहेत आणि वाटेत एकमेकींना विचारतात, आपल्यासाठी तोंडावरचा दगड कोण लोटील? दगड फार मोठा आहे हे त्यांना ठाऊक आहे. लोटायला कुणी सापडलेले नाही. तरी त्या परत फिरत नाहीत, बोलत बोलत चालत राहतात. सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या वचनाशी थांबते: त्या बायका कबरीतून बाहेर पडून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढच्या ओळी नंतर जोडलेल्या आहेत असे अभ्यासक मानतात. इतकी वर्षे मला तो शेवट अपुरा वाटायचा. त्या पहाटे मी आठव्या वचनापर्यंतच वाचले आणि पुस्तक मिटले.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्यांच्या अखेरच्या वर्षाचा भाग आता मी पुन्हा पुन्हा काढते. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याच्या कामात होत्या. त्यांनी ते काम सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. पूर्वी मला यात केवळ निग्रह दिसायचा. आता वाटते, की मुलगी गेल्यावर रोज सकाळी मेजापाशी बसून दुसऱ्या कुणाचे तरी शब्द एकामागून एक आपल्या भाषेत आणत राहणे, हा त्यांचा तेर्स असेल.

गेल्या वर्षी काही कामानिमित्त पणजीला गेले होते. परतताना बांबोळीला बस सोडली. वैद्यकीय महाविद्यालयापासून जवळच, महामार्गाला लागून, फुलांचो खुरीस, म्हणजे फुलांचा क्रूस, आहे. रुग्णांचे नातेवाईक, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, तिथे येऊन मेणबत्ती लावतात, झेंडूचा हार घालतात. यांची फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी तिथे रस्त्याच्या पलीकडूनच पाहत उभी राहिले होते, जवळ गेले नव्हते. या वेळी मागायचे काही नव्हते, म्हणून जाणे सोपे होते.

तिथे विशी-बाविशीचा एक मुलगा मेणबत्ती पेटवायच्या खटपटीत होता. महामार्गावरून ट्रक जाई, वारा येई, ज्योत विझे. चार-पाच काड्या वाया गेल्यावर त्याने वर पाहिले आणि म्हणाला, “काकू, वाऱ्यान ऱ्हवत नाय ओ.” बोलण्यावरून सिंधुदुर्गातला असावा, तिकडची पुष्कळ माणसे उपचाराला बांबोळीलाच येतात. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांचा आडोसा केला. त्याने काडी ओढली. मेणबत्ती लागली, थरथरली, राहिली. आम्ही दोघेही थोडा वेळ तसेच वाकून होतो.

“कोण आहे आत?” मी विचारले.

“बाबा. किडनीचा आसा. डायलिसिस चालू केल्यानी परवा.”

मला पुष्कळ काही सांगता आले असते. मी पिशवी उचलली.

“शहाळं देऊ नका हं त्यांना,” मी म्हटले. “कुणी आणलं तरी.”

“आणल्यानी ओ मावशीन, दोन,” तो म्हणाला. “थंयच खाटीखाली आसत.”

“मग ती तू पी,” मी म्हटले, आणि मडगावची बस येताना दिसली.